क्लॉड रेन्स: नायकाच्या शेजारी उभा राहिलेला मोठा नट

क्लॉड रेन्सला एकदाही ऑस्कर मिळालं नाही, याचा मला आजही मनापासून राग येतो. सहाय्यक अभिनेता म्हणून चार नामांकनं मिळाली, चारही वेळा पुरस्कार दुसऱ्याच्या हातात गेला. त्यातलं एक नामांकन 'कॅसाब्लांका' या सिनेमातल्या कॅप्टन रेनोच्या भूमिकेसाठी होतं!

हा माणूस 1889 साली लंडनच्या गरीब घरात जन्मला. लंडनच्या कष्टकरी वस्तीतली अस्सल कॉकनी बोली, त्यात बोलताना अडखळायचा. पोरवयातच नाटकाच्या थिएटरात कामाला लागला. नटांना प्रवेशाची वेळ झाली की हाक मारायची, हे त्याचं काम. तिथे हर्बर्ट बीअरबोम ट्री या मोठ्या नटाने त्याच्यातली धमक ओळखली आणि स्वतःच्या पैशाने त्याला उच्चारांची शिकवणी लावली. पुढे पहिल्या महायुद्धात विषारी वायूमुळे त्याच्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. परत आल्यावर तो लंडनच्या नाट्यशाळेत शिकवू लागला, आणि पुढे ब्रिटिश रंगभूमीचा नामवंत नट झालेला जॉन गिलगुड त्याचा विद्यार्थी होता. ज्या पोराला धड बोलता येत नव्हतं, तो गिलगुडला शिकवतो! या एका गोष्टीसाठी मी त्याला कायम मानत आलोय.

हॉलिवूडमध्ये नाव झालं ते 1933 च्या 'द इनव्हिजिबल मॅन'मुळे, तेही चाळिशी उलटल्यावर. नायकच अदृश्य, त्यामुळे चेहरा दिसतो तो अगदी शेवटी, काही क्षण. तोवर सगळा सिनेमा आवाजावर तोललेला.

पण माझ्या मते त्याचं सर्वोत्तम काम हिचकॉकच्या 'नोटोरियस'मध्ये (1946) आहे. त्यात रेन्सने साकारलेला अलेक्झांडर सेबॅस्टियन नाझींचा साथीदार, म्हणजे खलनायकच. बायको अमेरिकन हेर आहे हे कळल्यावर तो पहाटे आईच्या खोलीत जातो आणि सांगतो. ना आरडाओरडा, ना आदळआपट. बायकोने फसवलं याचं दुःख आणि आता साथीदार आपल्याला जिवंत सोडणार नाहीत ही भीती, दोन्ही त्या खाली गेलेल्या आवाजात आहेत. आई शांतपणे सिगारेट पेटवते आणि हा पन्नाशीचा माणूस बघता बघता लहान पोर होतो. (आईचं काम करणारी लिओपोल्डिन कॉन्स्टंटिन त्याच्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठी होती. पडद्यावर शंका येते का बघा!)

बायकोचं काम करणारी इन्ग्रिड बर्गमन त्याच्यापेक्षा उंच. काही शॉट्समध्ये त्याला उंचवट्यावर उभं करावं लागलं. तरी आपण बुटके आहोत, ही आपल्यावर खरंच प्रेम करेल का, हा सेबॅस्टियनचा धसका त्याच्या नजरेत दिसत राहतो. कॅरी ग्रँटचा नायक प्रेम असूनही अख्खा सिनेमाभर तिला टोचून बोलतो. हा खलनायक मात्र तिच्यावर उघड जीव टाकतो. म्हणून शेवटी वाईट वाटतं ते सेबॅस्टियनचं. पटकथेत ती जागा असेलही, पण ती भरली रेन्सनेच.

सिनेमावर लिहिताना आपण नायक-नायिकांवर पानंच्या पानं भरतो आणि अशा नटांना 'इतर भूमिकांत' या दोन शब्दांत उरकतो. निदान रेन्सच्या बाबतीत तरी हे थांबवा. 'नोटोरियस' पाहिला नसेल तर या रविवारी पाहाच, आणि पाहिला असेल तर पुन्हा लावून या वेळी फक्त सेबॅस्टियनकडे लक्ष ठेवा.