घरच्यांचा फोन आला तर

गेले काही आठवडे पुण्यातल्या समुपदेशकांच्या आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक पोस्ट फिरते आहे. तिचं म्हणणं असं: खरा थेरपिस्ट क्लायंटच्या घरच्यांशी एक शब्दही बोलत नाही. कायद्यानेच ते मना आहे, घर हेच दुखण्याचं मूळ असतं, आणि घरच्यांचा फोन घेतला की क्लायंटचा विश्वास गेलाच. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींनीही ती मनापासून पुढे पाठवली. क्लायंटला जपायचा त्यांचा हेतू खरा आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी कायदा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं आणि त्याच कलमात अपवादही मोजून सांगतं. जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाला इजा होण्याची शक्यता असेल, तर माहिती देता येते. इजा टाळण्यासाठी द्यायची ती गरजेपुरतीच. कलम १४ प्रमाणे सज्ञान माणूस साध्या कागदावर लिहून, सही करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो, आणि त्या प्रतिनिधीला त्याच्या कामापुरती माहिती देणंही कायद्याला मान्य आहे. बंदी आहे ती क्लायंटला डावलून बोलण्यावर. त्याच्या संमतीने बोलायला कुणीच अडवलेलं नाही.

आणि ऐकून घेणं म्हणजे सांगणं नव्हे. गल्लत इथेच होते.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एरंडवण्यातल्या माझ्या खोलीबाहेर, जिन्याच्या पायरीवर एक आई बसल्या होत्या. मुलगा आत येण्याआधी त्यांनी पिशवीतून गोळ्यांच्या चार पट्ट्या काढल्या. एकही गोळी फोडलेली नव्हती. कपाटामागे सापडल्या म्हणाल्या. "मॅडम, तुम्ही मला काही सांगू नका, फक्त माझं ऐका. आणि मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नका." मी म्हटलं, "काकू, ऐकते. पण त्याच्यापासून लपवणार नाही." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग पट्ट्या माझ्या हातात दिल्या.

मुलगा गोळ्या नियमित घेतो असं मला तीन सेशन सांगत होता. पट्ट्या टेबलावर ठेवल्या तेव्हा तो चिडला, उठून खिडकीशी गेला. थोड्या वेळाने म्हणाला, गोळी घेतली की सकाळी डोळे उघडत नाहीत, चाकणची बस चुकते, पगार कापतात. हे त्याने ना डॉक्टरांना सांगितलं होतं ना आईला. त्याच आठवड्यात त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी गोळीची वेळ बदलली. मी जिन्यावर कानाला हात लावले असते, तर हे कळायला पुढचा झटका यावा लागला असता.

विश्वास का टिकला? पहिल्याच दिवशी आम्ही एक कागद भरला होता: घरी कुणाशी बोलायचं, कशाबद्दल, आणि कशाबद्दल मुळीच नाही. त्याने लिहिलं होतं, "आईशी चालेल. बाबांशी नको." बाबांचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी म्हटलं, "कोण माझ्याकडे येतं, कोण नाही, हे मी सांगू शकत नाही. तुम्हाला काही सांगायचं असेल तर ऐकते. पण ती व्यक्ती माझ्याकडे येत असेल, तर तुमचा फोन आल्याचं तिला सांगेन." हे वाक्य पाठ करून ठेवा. कागद मात्र दर दोनेक महिन्यांनी पुन्हा काढावा, माणसांची मनं बदलतात.

आता "घर हेच मूळ". या म्हणण्यामागे संशोधनाचा एक धागा आहे, पण अर्धाच उचललेला. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांना दिसलं, की स्किझोफ्रेनियाचे काही रुग्ण घरी परतल्यावर पुन्हा आजारी पडतात. सततची टीका, वैरभाव आणि नको इतकं गुंतणं असलेल्या घरांत ते प्रमाण जास्त. पुढचं वाचा ना! अशाच कुटुंबांना आजार समजावला, बोलायची पद्धत बदलायला मदत केली, तेव्हा आजार उलटण्याचं प्रमाण घटलं. आपल्याकडे तर अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी १९५० च्या दशकातच नातेवाइकांना रुग्णांसोबत तंबूत राहायला बोलावलं होतं.

पोस्ट एका ठिकाणी बरोबर आहे आणि तिथे मी तिच्या बाजूने उभी आहे. घरात मारहाण असेल, लैंगिक अत्याचार असेल, मुलगी समलिंगी आहे म्हणून लग्न लादलं जात असेल, तर घरच्यांना बोलावणं म्हणजे तिला पुन्हा त्यांच्याच तावडीत देणं. म्हणून "घरच्यांना बोलावू का?" हा प्रश्न नेहमी क्लायंट एकटा असतानाच विचारायचा. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे संमतीच्या कागदाची वाट पाहायची नाही.

आणि आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारा माणूस रात्री त्याच्या घरी जातो, आपल्या समुपदेशनाच्या खोलीत राहत नाही. गोळ्या कुणाकडे राहतील, रात्री कोण जागं असेल, १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक फ्रीजवर कोण चिकटवेल, हे त्याच्यासमोर, त्याला विचारून, त्याच्या माणसाबरोबर त्याच दिवशी ठरवायचं. क्लायंटला मी विचारते, "आत्ता कुणाला फोन लावू?" बहुतेकदा नाव निघतं. कधी आईचं, कधी मावशीचं, एकदा शेजारच्या काकांचं निघालं. ते वीस मिनिटांत रिक्षाने आले.