खाज परत परत येत असेल तर साखर तपासा
योनीमार्गातल्या कॅन्डिडा या बुरशीच्या संसर्गावरचा एक लेख वाचला. त्यात लक्षणं बरोबर दिली आहेत: खाज, जळजळ, फाटलेल्या दुधासारखं पांढरं जाणं. पण मधुमेहाबद्दल एकच ओळ आहे, ते खटकलं. माझ्या आईला ६ महिन्यांत ३ वेळा हा त्रास झाला. दर वेळी लाजेपोटी ती मेडिकलमधून ट्यूब आणायची, दोन दिवस बरं वाटलं की बंद. शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्राव तपासला आणि रक्तातली साखरही. उपाशीपोटी २१० निघाली! साखर आटोक्यात आली तसा त्रास थांबला.

आणि माशासारखा वास येत असेल तर तो बहुधा जिवाणूंचा संसर्ग असतो, त्यावर बुरशीचं औषध चालत नाही. गरोदर बायकांनी तर फ्लुकोनॅझोलची (बुरशीवरची) गोळी मनाने मुळीच घेऊ नये. त्यांना डॉक्टर साधारण ७ दिवस क्लोट्रिमॅझोल हे बुरशीचं औषध योनीमार्गात ठेवायला देतात.