अप्पांचं बॉस्टन, नंदूचं पेनसिल्व्हेनिया

अप्पा लेकीकडे सहा महिने राहून आले, तेव्हापासून आमच्या डोंबिवलीच्या कट्ट्यावर बॉस्टन उतरलंय. टोपी तिथली, जाकीट तिथलं, घाम मात्र इथला. त्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या अडीचशे वर्षांचा गाजावाजा. अप्पांना आयतंच कोलीत मिळालं.

"देशाची राज्यघटना १७८७ची. आमच्या मॅसॅच्युसेट्सची, म्हणजे बॉस्टनच्या राज्याची, १७८०ची, आणि अजून चालू!"

"'आमच्या'?" शऱ्याचं बिस्किट चहात पडलं.

"पुढे अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झालेल्या जॉन ॲडम्सने लिहिलेली. दोन सभागृहं, वर गव्हर्नर, त्याच्या हातात व्हेटो. तो फिरवायचा तर दोन्हीकडे दोन-तृतीयांश मतं आणा. याला म्हणतात राज्य!"

नंदूचं झेरॉक्सचं दुकान. लोकांची पुस्तकं छापता छापता त्याची वाचून होतात. तो म्हणाला, "अप्पा, त्या गव्हर्नरला हजार पौंडांची जमीन लागायची, आणि आपण ख्रिश्चन आहोत असं जाहीर करावं लागायचं. तुमचा वन बीएचके आणि दर श्रावणातला सत्यनारायण, दोन्हीत नापास."

"मग तुझं काय म्हणणं?"

"पेनसिल्व्हेनिया, १७७६. गव्हर्नरच नाही! बारा जणांचं मंडळ आणि एकच सभागृह. निवडणूक दरवर्षी, सात वर्षांत चारपेक्षा जास्त वर्षं कुणी बसायचं नाही. कायदा करायचा तर आधी छापून लोकांना वाचायला द्यायचा, मंजुरी पुढच्या अधिवेशनात."

"अकरा वर्षं सोसायटीचा चेअरमन असलेल्या माणसासमोर हे बोलू नये रे," शऱ्या म्हणाला. "गच्चीवरच्या पत्र्यांचा ठराव आम्हाला पत्रे बसल्यावर कळला होता."

"पत्रे नसते तर पोहत असतास घरात!"

पत्र्यांवर दहा मिनिटं गेली. दर वेळी जातात.

वैशाली वह्या तपासायच्या सोडून मध्ये पडली. "नंदू, तुझ्या पेनसिल्व्हेनियात सभासदाला बायबल ईश्वराच्या प्रेरणेने लिहिलंय अशी शपथ घ्यावी लागायची. ते बरं गाळलंस? आणि टिकलं किती? १७९० मध्ये गव्हर्नरही आला, दुसरं सभागृहही आलं. त्यापेक्षा न्यू जर्सी बघ. पन्नास पौंडांची मालमत्ता असलेले 'सर्व रहिवासी' मतदार, त्यामुळे विधवा आणि बिनलग्नाच्या बायका मत देत होत्या. लग्न झालेलीची मालमत्ता नवऱ्याची, म्हणून तिला नाही. १८०७ मध्ये उरलेल्यांचंही काढून घेतलं."

"चूक लक्षात आली असेल," शऱ्या म्हणाला, आणि लगेच चहाच्या ग्लासात तोंड लपवलं.

अप्पांनी घसा साफ केला. "हक्कांचं बोला, हक्कांचं! व्हर्जिनिया राज्याचा जाहीरनामा, जून १७७६, लिहिणारा जॉर्ज मेसन. सर्व माणसं निसर्गतः सारखीच स्वतंत्र!" हे त्यांनी टोपी काढून म्हटलं.

"मेसनच्या पदरी गुलाम होते, अप्पा," वैशाली म्हणाली. "सभेत काही जण घाबरले, हे वाक्य गुलामांनाही लागू झालं तर? मग मध्ये शब्द घुसवले, 'समाजात प्रवेश करतात तेव्हा'. गुलाम समाजात धरायचेच नाहीत, म्हणजे झालं. जाहिरातीत तारा काढून खाली बारीक अक्षरात 'अटी लागू' लिहितात ना? तो तारा."

शऱ्यालासुद्धा यावर काही सुचलं नाही.

"ॲडम्सने तारा काढला नव्हता," नंदू म्हणाला. "मॅसॅच्युसेट्सात बेट नावाची गुलाम बाई होती. लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळे जन्मतः स्वतंत्र आणि समान, हे तिच्या कानावर पडलं म्हणतात. गेली वकिलाकडे, यात मीही आलेच ना म्हणून. १७८१ मध्ये ज्यूरीने मोकळं केलं, वर तीस शिलिंग भरपाई. ती राज्यघटना राबवली या बाईने. ॲडम्सने लिहून ठेवली होती."

"बघा!" अप्पांनी मांडीवर थाप मारली. "शेवटी आमचंच मॅसॅच्युसेट्स!"

नंदूने कपाळाला हात लावला. माझं मत त्याच्याच बाजूने, पण डाव अप्पांनी मारला, तोही नकळत.

उठताना अप्पा म्हणाले, "आज ज्याचा त्याने चहा. मी भरणार नाही."

"व्हेटो?"

"व्हेटो!"

वैशालीचा हात वर गेला. मग नंदूचा, शऱ्याचा, माझा.

"पाचात चार," गणिताच्या बाईंनी जाहीर केलं. "दोन-तृतीयांशाच्या बऱ्याच वर."

अप्पांनी पाकीट उघडलं. आत पाच डॉलरची एकच नोट.

चहावाला म्हणाला, "काका, सुट्टे द्या."