खेळाचा जनक व्हायचंय? मग खेळ काढू नका

नवा खेळ सुरू करून नाव कमवायचा विचार असेल, तर आधी ऑस्ट्रेलियन फुटबॉलवाल्या टॉम विल्सकडून काय टाळायचं ते शिकून घ्या.

पहिली चूक पत्र लिहिण्याची. १० जुलै १८५८ ला मेलबर्नच्या एका साप्ताहिकात त्याने सुचवलं, की हिवाळ्यात क्रिकेटपटूंच्या अंगावर चरबी चढू नये म्हणून फुटबॉल क्लब काढा, नाहीतर रायफल क्लब तरी. अहो, आधी समिती नेमायची असते!

मग पंचगिरी. ७ ऑगस्टला दोन शाळांचा सामना, स्कॉच कॉलेज विरुद्ध मेलबर्न ग्रामर. एका बाजूला ४० जण, दोन्ही गोलपोस्टांत जवळपास अर्धा मैल अंतर, आधी दोन गोल करील तो विजेता. तीन शनिवार खेळून निकाल काय, तर एक-एक. त्याच्या जोडीचा पंच जॉन मॅकॅडम; मॅकाडेमिया नट त्याच्याच नावाचा. ओळखीत एक वनस्पतिशास्त्रज्ञ असू द्यावा, तो यासाठी.

१७ मे १८५९ ला हॉटेलात बसून दहा नियम ठरले. विल्स, हॅमर्स्ली, थॉम्पसन, स्मिथ ही त्यातली मंडळी. लाथेचा चेंडू थेट झेलला की 'मार्क' ओरडा आणि फ्री किक घ्या. पायात पाय घालून पाडणं चालेल, नडगीवर लाथ नाही. चेंडू फेकणं तर मुळीच नाही. विल्स रग्बी शाळेचा, त्याला तिथलेच नियम हवे होते; पण इतरांना सोमवारी धडधाकट पायांनी कचेरीत जायचं होतं.

पुढचं तर अजिबात गिरवू नका. १८६१ मध्ये क्वीन्सलँडमध्ये आदिवासींच्या हल्ल्यात विल्सच्या वडिलांसह १९ जण मारले गेले. तरीही पाच वर्षांनी हा गडी आदिवासी क्रिकेटपटूंना शिकवायला उभा. १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेल्या संघाचा कर्णधार मात्र दुसराच. मग दारू, आणि १८८० मध्ये ४४ व्या वर्षी आत्महत्या. कबरीवर दगड बसला १९८० मध्ये.

खरा मार्ग विल्सच्या आतेभावाचा, हॅरिसनचा. मूळ बैठकीला गैरहजर राहा, १८६६ मध्ये नियमांची दुरुस्ती करा, समित्यांवर बसा आणि ९२ वर्षं जगा. 'फुटबॉलचा जनक' ही पदवी आपोआप चिकटते. आठवणींचं पुस्तक १९२३ च्या आधी काढू नका. तोवर थॉम्पसन, विल्स, हॅमर्स्ली, तिघेही गेलेले असतात; चूक दाखवायला येणार कोण?