"मोबाईलवर सगळं होतं" म्हणे!

आज सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी फोटो टाकला. भंगारवाल्याच्या हातगाडीवर घरचा डेस्कटॉप आणि खाली ओळ : "मोबाईलवर सगळं होतं, उगाच जागा अडवून बसला होता." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. आणि त्यांच्याच घरात मुलगी अकरावीत शिकतेय!

होतं सगळं? मग चाळीस पानी प्रोजेक्ट रिपोर्ट, तक्त्यांसकट, त्या सहा इंची पडद्यावर टाईप करून दाखवा.

२०११च्या जनगणनेत घरी कॉम्प्युटर आहे का, हे पहिल्यांदा विचारलं गेलं. देशातल्या ९.५ टक्के घरांत होता आणि त्याला नेट फक्त ३.१ टक्के घरांत. मग २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात नेट २३.८ टक्के घरांत पोचलं आणि कॉम्प्युटर? १०.७. तेही टॅबलेट त्यातच मोजून! खेड्यांत तर ५.१ वरून ४.४. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी, तुलना काटेकोर नाही, मान्य. पण आधी मशीन होतं तर नेट नव्हतं, आणि नेट आलं तेव्हा मशीन घेणंच राहून गेलं, हे दिसतंच आहे. पैशाची अडचण असेल तर बोलणंच खुंटलं. इथे मात्र घरात असलेलं मशीन गाडीवर चढवलंय.

कारण विचारलं तर "स्लो झाला होता". अहो, स्लो बहुतेक वेळा हार्ड डिस्क असते. विंडोज १० सुरू होताच अपडेट आणि अँटीव्हायरस दोघंही तिच्यावर तुटून पडतात. टास्क मॅनेजर उघडा, डिस्क १०० टक्के दिसेल. तिच्या जागी २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, वेगवान डिस्क) बसवा, रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, ४ची ८ जीबी करा. रॅम घेताना जुनी काढून सोबत न्या. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या वेगळ्या पिढ्या; डीडीआर३च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही, दाबलीत तर स्लॉट जाईल.

आणि दर वेळी तारीख मागे जात असेल, प्रत्येक साईट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणत असेल, तर नेटवाल्याला शिव्या देऊ नका. मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवरचा, सीआर२०३२ सेल संपलाय. घड्याळातल्या सेलच्या भावात मिळतो.

बरं, विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा जुन्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाका, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. आधी ८ जीबीच्या पेनड्राईव्हवरून नुसती चालवून बघा : वायफाय, प्रिंटर, मराठी टायपिंग. तिघं जमले की मगच इन्स्टॉल करा. हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर त्यावर सरळ चालत नाही, हे खरं. पण अकरावीतल्या पोरीला टॅली कशाला हवंय?

जाऊ दे, गाडी गेली. बाकीच्यांनी तरी द्यायचाच असेल तर हार्ड डिस्क काढून घ्या. क्विक फॉरमॅटने डेटा पुसला जात नाही. पॅन कार्डाचं स्कॅन आणि लग्नाचे फोटो कोणीही परत काढू शकतो. चार स्क्रू आणि दोन वायरी, एवढंच काम आहे.