ओटीपी सांगितला नाही तरी पैसे जातात

गोव्यातल्या साखळीच्या काकांचा संगणक बघायला बसले, तर त्यांनी वहीतलं एक पान माझ्यापुढे सरकवलं. वर निळ्या शाईत रिमोट सॉफ्टवेअरचे, म्हणजे दुसरीकडून हा संगणक उघडू देणाऱ्या सॉफ्टवेअरचे, नऊ आकडे आणि खाली पासवर्ड. पासवर्ड म्हणजे त्यांचाच मोबाइल नंबर. "मंडळाच्या ग्रुपवर आलं होतं गो, वाचून तसंच केलं," म्हणाले. काका निवृत्त शिक्षक. भजनी मंडळाचे हिशेब त्यांच्याकडे असतात आणि मंडळाचं बँक खातं ते याच संगणकावर उघडतात. माझ्या अंगावर काटा आला.

त्या संदेशात म्हटलंय ते असं: घरबसल्या संगणक दुरुस्त करून घ्यायला कुठलंही फुकट रिमोट सॉफ्टवेअर टाका, सगळी सारखीच. फुकट म्हणजे दुरुस्तीवाल्यालाही फुकट. कायमचा पासवर्ड लावून ठेवा. मोबाइलवरही तेच ॲप घ्या. अडलं तर अँटिव्हायरस बंद करा. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ओटीपी कोणाला सांगितला नाही, तर पैसे जाऊच शकत नाहीत.

मी फोंड्यात हेच काम करते. भर पावसात वाळपईपर्यंत स्कूटर न काढता गिऱ्हाइकाचा प्रिंटर चालू करून देते, ते याच सॉफ्टवेअरच्या जोरावर. म्हणून शेवटचं वाक्य मी आधी घेते, कारण त्यानेच घरं बुडतात.

मोबाइलवर स्क्रीन दाखवणारं ॲप चालू आहे असं समजा. बँकेचा एसएमएस येतो, पडद्याच्या वरच्या कडेला पट्टी उतरते, तिच्यात सहा आकडे. ते तुम्हाला दिसतात त्याच क्षणी पलीकडच्यालाही दिसतात. तुम्ही तोंड उघडायची गरजच नाही. तुम्ही टाइप केलेला खाते क्रमांकही त्याने तसाच पाहिलेला असतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना एनीडेस्क या रिमोट ॲपच्या अशा वापराबद्दल सावध केलं होतं. मार्च २०२२ मध्ये तिने फसवणुकीच्या प्रकारांवर पुस्तिका काढली, तिच्यात स्क्रीन शेअरिंग आणि रिमोट ॲपची फसवणूक हा वेगळा प्रकार म्हणून दिला आहे: आधी ॲप टाकायला लावायचं, मग त्यातून पडदा बघत बँकेचे तपशील उचलायचे. इतकं छापून आलेलं असताना "ओटीपी सांगितला नाही म्हणजे झालं" हे कोणी कशाच्या आधारावर लिहितं?

नुकसान कोणाच्या माथी बसतं तेही ऐका. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमानुसार, गिऱ्हाइकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. म्हणून असं काही घडलं तर आधी इंटरनेट तोडा, लगेच बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. नातेवाइकांना नंतर सांगा.

आता कायमचा पासवर्ड. समोर माणूस नसताना संगणकात शिरता यावं म्हणून ती सोय आहे. रात्री सर्व्हर सांभाळणाऱ्याला ती लागते, काकांना नाही. एरवी कोणी जोडायला गेलं की पडद्यावर चौकट येते आणि आपण 'स्वीकारा' दाबलं तरच दार उघडतं. कायमचा पासवर्ड ती चौकटच काढून टाकतो. त्यात तो पासवर्ड मोबाइल नंबर असेल, तर मंडळाच्या यादीत तो सगळ्यांकडे आहेच.

"फुकट म्हणजे सगळ्यांना फुकट" हे साफ खोटं आहे. टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क फुकट आहेत ते खासगी वापरासाठी. मावशीचा संगणक बघा, हरकत नाही. पैसे घेऊन काम करणाऱ्याने परवाना विकत घ्यावा. नाहीतर धंद्याचा वापर ओळखून ते मध्येच जोडणी तोडतात आणि गिऱ्हाईक लटकतं. धंद्यालाही विनामूल्य हवं असेल तर रस्टडेस्क आहे: मुक्तस्रोत, म्हणजे मूळ कोड सगळ्यांना खुला, आणि जोडणी करून देणारा सर्व्हर स्वतःचा उभा करता येतो. मी तेच वापरते. सर्व्हर सांभाळायची कटकट आहे, पण ती माझी, गिऱ्हाइकाची नाही.

सगळी सारखीच असतात हेही चूक. विंडोजच्या क्विक असिस्टमध्ये दर वेळी नवा कोड लागतो. क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये मदतीसाठी जोडलं तर दर अर्ध्या तासाने "चालू ठेवू का?" असं विचारलं जातं. घरच्या माणसांसाठी मला हीच बरी वाटतात. पण मायक्रोसॉफ्टचं आहे म्हणून डोळे मिटून बसू नका. २०२४ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं की ठग मदतनीस असल्याची बतावणी करून क्विक असिस्टमधूनच शिरत होते.

एक गोष्ट मान्य करावी लागते. ही सॉफ्टवेअरं व्हायरस नाहीत, असं संदेशात म्हटलंय, ते खरं आहे. पण म्हणूनच अँटिव्हायरस बंद करायला सांगणारा माणूस संशयास्पद ठरतो. त्याला तसं सांगायची गरज का पडावी?

काकांच्या संगणकावरचा तो पासवर्ड मी काढला, मोबाइलवरचं ॲप काढलं, बँकेचा पासवर्ड बदलून घेतला आणि वहीतलं पान फाडलं. आता काही अडलं तर तेच मला फोन करतात, मी कोड सांगते, ते तो सावकाश एकेक करून टाकतात. काम झालं की खिडकी बंद झाली ना, हे मी त्यांच्याकडून मोठ्याने वदवून घेते. मंडळाच्या ग्रुपवर ज्यांनी तो संदेश टाकला त्यांनी तो आजच काढावा, आणि ज्यांनी वाचून पासवर्ड लावला त्यांना एकेकाला फोन करून कळवावं.