मध्ये मांडवी आहे, हे कुणीतरी त्या ॲपला सांगा

मंगळवारी दुपारी जुने गोव्यातल्या एका घरी पाण्याचा फिल्टर बदलून मी हात पुसत होतो, तेवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला आणि त्यावर आम्हाला कामे वाटणाऱ्या ॲपचा, हसरा चेहरा चिकटवलेला आदेश झळकला : "तुम्ही मोकळे आहात! पुढील काम २.१ किलोमीटरवर, वेळ ६ मिनिटे." पत्ता होता दिवाडी बेटावरचा. ज्या बेटावर आजतागायत पूल नाही, तिथे सहा मिनिटांत पोहोचायचे तर स्कूटरला वल्ही लावावी लागतील.

धक्क्यावर पोहोचलो तेव्हा फेरीबोट डोळ्यांदेखत सुटली होती. पुढची येईपर्यंत ॲपने मला तीन वेळा "आपण थांबलेले दिसता" असे सुनावले आणि अखेर बोट मांडवी नदीच्या मध्यावर असताना "आपण चालत आहात असे दिसते, कृपया वाहन वापरा" असा सल्ला दिला. बोटीच्या गतीला माझी चाल समजणाऱ्या या बुद्धिमान यंत्रणेने पुढच्याच मिनिटाला, मला उशीर होतो आहे असे ठरवून, ते काम माझ्याकडून काढून रायबंदरच्या सहकाऱ्याला दिले. म्हणजे ज्याला त्याच बेटावर यायला दुसरी फेरी पकडावी लागते, त्याला. तेव्हा मात्र मी मोबाइलवर मोठ्याने ओरडलो. शेजारची मासळीवाली टोपली घेऊन दोन पावले दूर सरकली आणि "कोणाकडेन झगडटा रे बाबा?" असे विचारू लागली. यावर काय उत्तर द्यायचे?

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. सिंकखाली आडवा होऊन दोन्ही हातांनी पाना पिळत असताना टेबलावरचा मोबाइल हलत नाही, म्हणून मी रिकामा ठरतो. पणजीतल्या, मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी असूनही पर्वरीला जायचा रस्ता मला तिथूनच दाखवला जातो. दुपारी एक ते तीन या वेळेत गोव्यात कुणाच्या दाराची घंटा वाजवायची नसते, हे शेंबड्या पोराला कळते. पण या ॲपला ती वेळ "ग्राहक घरी असण्याची शक्यता जास्त" अशी वाटते. शिवाय बॅटरी वीस टक्क्यांखाली गेलेल्यांना ते काम देत नाही, त्यामुळे आमच्यातले दोघेजण चार्जर मुद्दाम घरी विसरतात.

खरी लाज पुढेच आहे. हे ॲप आणा म्हणून बैठकीत सगळ्यांत मोठ्याने मीच बोललो होतो, कारण आधी कामे वाटणारे साहेब दिवसातून दहा वेळा फोन करत आणि मला त्यांचा वैताग येई. ते प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न एकच विचारत : "फेरी कुठल्या बाजूला आहे रे?" त्या प्रश्नाची मी सगळ्यांना नक्कल करून दाखवत असे.

दिवाडीच्या धक्क्यावर उतरलो, तोच रायबंदरहून सहकाऱ्याचा फोन आला. त्याचीही फेरी सुटली होती आणि त्या मॉडेलचा फिल्टर त्याच्याकडे नव्हता. तो माझ्या पिशवीत होता. मी जाऊन बसवून आलो. ग्राहकाने दिलेले पाच तारे त्याच्या नावावर जमा झाले आणि माझ्या खात्यात "काम नाकारले" अशी नोंद झाली आहे.